आज आपण कोण आहोत?

आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से जपून ठेवायचे असं कोणी ठरवलं नव्हतं. दाराबाहेर चपला साचतात तसे ते साचत गेले. आता कोणता कोणत्या खेळातला, हेसुद्धा मला नीट सांगता येत नाही. मी धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, "मॅडम, रविवारी त्या घरात तुम्ही नक्की काय खेळता?" तर मी विषय बदलते. लपवण्यासारखं काही नाही, पण मलाच ठाम माहीत नसतं.

सुरुवात निखिलने केली. हा माझा शेजारी. पुण्याहून परत येऊन आता घरूनच कंपनीचं काम करतो. त्याने मला आणि त्याच्या शाळेतल्या मित्राला, पारसला, बोलावलं. पारसचं भांड्यांचं दुकान आहे, पणजोबांच्या वेळी मारवाडातून आलेलं घर. टेबलावर एक जाडजूड पुस्तक होतं आणि विचित्र आकाराचे फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत.

निखिल म्हणाला, "मी गोष्ट सांगणार. तुम्ही त्यातली माणसं. काय करायचं ते तुम्ही बोलायचं, जमलं की नाही ते फासा ठरवणार."

पारसने विचारलं, "जिंकतं कोण?"

"कोणी नाही."

"मग संपतो कधी?"

"तसा संपत नाही."

पारसने थोडा विचार केला. "म्हणजे दुकानच की," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

*

पहिल्या गोष्टीत आम्ही योद्धे होतो. डोंगरात राक्षसांची टोळी होती आणि ती संपवायची होती. पारसने पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "माझा योद्धा कोणाला मारत नाही."

निखिल गोंधळला. "अरे, योद्धा आहे तो."

"असू दे. त्याचा नेम आहे. आणि तो सूर्यास्तानंतर जेवत पण नाही."

निखिलने पुस्तक उलटंपालटं केलं. त्यात राक्षसाला मारण्याचे नाना प्रकार होते, पण न मारणाऱ्या योद्ध्याचं काय करायचं ते नव्हतं. मग दर वेळी ऊन उतरायला लागलं की आमचा सगळा काफिला थांबायचा, कारण पारसला जेवायचं असायचं. राक्षसांच्या गुहेशी पोचलो तेव्हाही सूर्य कललेला होता. पारसने राक्षसांना विचारलं, "जेवलात का?" ते जेवले नव्हते. निखिलने फासा टाकला, पुस्तकात पाहिलं, पुन्हा फासा टाकला. शेवटी राक्षस आमच्या पंगतीला बसले.

निखिल पुस्तक मिटून म्हणाला, "आपण दुसरा खेळ बघू."

*

तेव्हा कळलं की असे खेळ ढिगाने आहेत. कुठे फासे, कुठे पत्ते. कुठे गोष्ट सांगणारा एक, कुठे सगळेच सांगतात आणि ऐकायला कोणी उरत नाही. निखिल हौशीने नवनवे आणायचा. मी एका रविवारी लग्नासाठी चाळीसगावला गेले होते. पुढच्या रविवारी येऊन बसले तर खेळ सुरूच झालेला.

"ताई, तुम्ही दारात उभ्या आहात. समोर मांजर आहे," निखिल म्हणाला.

"मी तलवार काढते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पारस जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, गेल्या रविवारपासून आपण उंदीर आहोत."

"सगळे?"

"सगळे."

"मग माझी तलवार?"

निखिलने पानं चाळली. "सुई देता येईल."

मी सुई घेतली. तासाभराने मांजराने मला खाल्लं. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "आज लवकर?" मी म्हटलं, "मांजराने खाल्लं." त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

*

एक खेळ भुताचा होता. त्यात लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायचा. काही धाडस करायचं असलं की खालचा एक ठोकळा अलगद काढायचा. ज्याच्या हातून मनोरा पडेल, तो गोष्टीत मेला.

मनोरा अगदी डुगडुगत होता आणि आम्ही श्वास रोखून बसलो होतो. तेवढ्यात निखिलची आई, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, वरण-बट्टीची ताटं घेऊन आली आणि पहिलं ताट टेबलावर टेकवलं. मनोरा कोसळला.

आता मेलं कोण? पारस म्हणाला, नियम म्हणजे नियम, अक्का मेल्या. मी म्हटलं, अक्का खेळात नव्हत्याच. निखिल म्हणाला, पुस्तकात 'जो पाडेल तो' एवढंच लिहिलंय. वाद चांगलाच रंगला. अक्का बाजूला उभी राहून ऐकत होती.

"मी मरी गई का?" तिने विचारलं. "मंग बट्ट्या कोन वाढी?"

त्या दिवशी आम्ही हाताने वाढून घेतलं. अक्का खरंच खुर्चीवर बसून राहिली आणि तूप कमी पडलंय की जास्त, तेवढं सांगत होती. मला आजही कळलेलं नाही, ती रुसली होती की खेळत होती.

*

जळगावला असाच एक गट आहे, असं निखिलला समजलं. आम्ही तिघं एसटीने गेलो. ते चौघं होते, फार आदराने बसवलं, पाणी दिलं. मग त्यांच्यातल्या प्रत्येकाने आपापली पिशवी उघडली. चार पिशव्यांतून चार वेगळे खेळ निघाले. एकात जादूगार, एकात चाचे, एकात बोलणारी झाडं. चौथा कशाचा होता ते मला दोनदा समजावून सांगितलं, तरी सांगता येणार नाही.

कोणता खेळायचा? कोणी म्हणालं, फासा टाकून ठरवू. मग कोणत्या खेळाचा फासा, यावर त्यांच्यातच वाद लागला. जेवायची वेळ झाली. भरीत-पुरी झाली, फार उत्तम झाली, आणि आम्ही धुळ्याच्या गाडीत बसलो.

पारस खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आज छान खेळलो."

तो थट्टा करतोय का, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तसं काही दिसलं नाही.

*

निखिलचे वडील, नाना, दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ते कोपऱ्यात पेपर धरून बसायचे. खेळात ड्रॅगन आला की एकदाच मान वर करायचे. "एवढी आग ओकस तो, ते राख कोठे टाकस?" निखिल म्हणायचा, "नाना, ही गोष्ट आहे." नाना पुन्हा पेपरात.

एका रविवारी पारसला उशीर होणार होता. निखिल सहज म्हणाला, "नाना, तोवर तुम्ही बसा." नाना आले, पेपराची घडी करून बाजूला ठेवली. तेवढ्यात पारसही पोचला, पण त्याने नानांना उठू दिलं नाही. स्टूल ओढून तो माझ्याशेजारी बसला.

गोष्टीत एक तटबंदीचं शहर होतं. वेशीवर चौकीदार. निखिल चौकीदाराचा आवाज काढून म्हणाला, "थांबा. कोण तुम्ही? कशाला आलात?"

नाना म्हणाले, "मना पोऱ्या आठे ऱ्हास. त्याले भेटाले उनू."

"राहतो इथे, पण कामात असतो. दिवसभर दार बंद असतं त्याचं."

"माहीत शे," नाना म्हणाले. "मी थांबसू. बठ्ठा दिन थांबसू."

"मुलाचं नाव काय?"

"निखिल."

पारस माझ्या कानाशी आला. "ताई, हे खेळातलं आहे का?" मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

निखिलने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. मग आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "नाना, आत या."

"असं नई," नाना म्हणाले. "फासा टाक पहिले. नियम शे ना?"

निखिल नियमाचा फार पक्का. वीस बाजूंचा तो फासा. मोठा आकडा पडला तर वेस उघडणार, छोटा पडला तर बाहेरच. त्याने टाकला. फासा घरंगळत नानांच्या पुढ्यात जाऊन थांबला. मी पाहिलं, पारसने पाहिलं. दोन पडले होते.

"वीस," निखिल म्हणाला.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, फासा उचलून डोळ्यांजवळ धरला, सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवून बघितला आणि खाली ठेवला.

"हां," ते म्हणाले. "वीसच शेतस."