दहा मिनिटांचं मौन

सोलापूरच्या तमाम जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या चर्चमध्ये सैतान शिरला आहे! बातमी माझी नव्हे, मागच्या बाकावर बसणाऱ्या काकांची. नव्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत दहा मिनिटांची मौन प्रार्थना सुरू केली. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, शब्द सोडून द्या. हे बंद झालंच पाहिजे, एवढी एकच मागणी घेऊन काका उभे ठाकले.

"अवो, शास्त्रात कुटं लिवलंय श्वास बघत बसा म्हणून?" ते मला फाटकातच गाठतात. "मन रिकामं केलं की सैतानाचं फावतंय. झाडून रिकाम्या केलेल्या घरात कोन शिरतंय, बायबलात वाचलंय न्हवं तुमी?"

मी हसतो, ते चिडतात, आणि चिडूनही माझ्यासोबत पार रिक्षा स्टँडपर्यंत बोलत येतात. त्यांचं घर उलट्या दिशेला आहे.

मौन सुरू झालं की काका खोकतात. चष्म्याची डबी उघडतात, मिटतात. एकदा तर गीतांचं पुस्तक चक्क दोनदा पडलं! मला मात्र या नाटकाचा फार आनंद व्हायचा, हे कबूल करतो.

गेल्या रविवारी ते मौनाच्या मधेच उठून उभे राहिले. आता सैतानावर प्रवचन होणार म्हणून मी सरसावून बसलो. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बसा काका, भिऊ नका. शांततेत देव बोलतो."

"मला न्हाय बोलत, साहेब!" काका ओरडले. "बायको गेल्यापासनं घरात दुसरं हाय काय? रोज कान लावून बसतोय की मी!"