गुरुग्रामची मुलाखत आणि पूर्ण वाक्यांची शिकवणी

रागातच लिहितेय. दिल्लीची प्रेक्षणीय स्थळं वाचायला आला असाल, तर आत्ताच परत फिरा. मी गेले होते माझ्या लेकीबरोबर, मृण्मयीबरोबर, तिच्या मुलाखतीसाठी. गुरुग्रामच्या एका कंपनीत ग्राहकांशी फोनवर इंग्रजीत बोलायची नोकरी. लेखी परीक्षेत ती चांगली पास झाली होती. सांगलीत बसून अर्ज करून करून पोर कंटाळली होती, ही नोकरी तिला हवीच होती.

मिरजेहून थेट निजामुद्दीनची गाडी मिळते. उन्हाळ्यात स्लीपरने जाऊ नका, भाजून निघाल. मुक्काम आर. के. पुरमला, नणंदेच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वन्सं दारातच म्हणाल्या, "अच्छा वहिनी, चलो, पहिले जेवून घ्या, मग सगळं बोलू."

मुलाखतीआधी मुनिरकातला एक क्लास करा, असं कंपनीनेच कळवलं होतं. मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. गल्ल्या अरुंद, डोक्यावर तारांचं जंजाळ, घराघरात भाड्याने राहणारी पोरं. छोले-कुलचे मात्र जरूर खा, स्वस्त आणि झकास. क्लासचे सर दरडावायचे, "आधा वाक्य नहीं! जैसा लिखते हो, वैसा बोलो!" आपल्या शाळांत 'पूर्ण वाक्यात उत्तरे लिहा' घोटून घेतलेलंच असतं, त्यामुळे मृण्मयीला ते सोपं गेलं. वन्संनी चहा विचारला तरी म्हणायची, "येस, आय वुड लाइक टू हॅव अ कप ऑफ टी."

मुलाखतीच्या दिवशी हौज खासला मेट्रो बदलून गुरुग्राम गाठलं. केबिनचं दार अर्धवट उघडं होतं, मी बाहेरच्या सोफ्यावर. साहेबांनी विचारलं, "सो... सांगली, राइट? अँड, आय मीन, व्हाय... लाइक, गुरुग्राम?" मृण्मयी म्हणाली, "आय हॅव कम टू गुरुग्राम बिकॉज आय विश टू बिल्ड माय करिअर." असं बरंच चाललं. शेवटी साहेब म्हणाले, "लुक, युवर इंग्लिश, गुड, बट... निबंध पढ रही हो. कस्टमर फोन रख देगा. सॉरी."

आता सांगा! हा माणूस स्वतः एक वाक्य धड पुरं करत नव्हता. त्याचं चूक नाहीच म्हणा, तोंडी इंग्रजी असंच चालतं. सुरू केलेलं सोडायचं, मध्येच दुसरीकडे वळायचं, मागचं पुढे जोडायचं. आपण तरी घरी काय बोलतो? "अगं तो डबा... ओट्यावरचा... दे ना." मग क्लासमध्ये कागदावरची भाषा बोलायला का शिकवता? आणि पोरं ती शिकली की नापास का करता?

मी उठणार, तोच मृण्मयीचा आवाज चढला. "नो, सर. दॅट क्लास... यू सेंट मी! यू! अँड नाऊ, व्हॉट, निबंध?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. साहेब एकदम खूश. "हां! धिस! ऐसे ही बोलो ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर रडकुंडीला आली, तेव्हा याला तिची भाषा खरी वाटली! मी आत जाऊन तोंडावर सुनावलं, "आप ही भेजते हैं, आप ही फेल करते हैं. शरम नहीं आती?" तो मोबाइल बघत राहिला. संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "छोडो ना वहिनी, इथे असंच चालतं." मला ते सोडवत नव्हतं.

सांगलीत परतल्यावर कंपनीचा मेल आला, निवड झाली म्हणून. त्या माणसाकडे नोकरी करायची नाही, असं मी मृण्मयीला चांगलं खडसावून सांगितलं. अपमान, स्वाभिमान, सगळं काढलं. ती कपाटातले कपडे बॅगेत भरत होती.

"आई," ती म्हणाली, "राग तुझा. बरोबर. पण नोकरी... माझी ना?"