चाचांचं सरकार

दिल्लीत जेवढी सरकारं आली, ती सगळी काळेवाडीतल्या आमच्या शेजारच्या चाचांनी नेमलेली होती. त्यांचा उमेदवार बहुतेक वेळा आपटायचा, पण चाचांचं त्यावाचून काही अडत नसे. आपण मत दिलं म्हणजे येईल ते सरकार आपलं, आणि आपलं म्हटल्यावर त्याच्या उचापतींची जबाबदारीही आपलीच, असा त्यांचा सरळ मामला. रेशनवर रॉकेल संपलं की चाचा रांगेतल्या बायकांची माफी मागत. "भाभी, सरकार माझंच आहे, पण काय करू, पोरगं ऐकेना झालंय." मतदानानंतर डाव्या तर्जनीवरची शाई ते साबणापासून जिवापाड जपत आणि बाजारात वांगीसुद्धा त्याच बोटाने दाखवत. भाजीवाला "या सरकार" म्हणे, तर चाचांना त्यात थट्टा दिसतच नसे.

पुढे त्यांचं एक सरकार मोडलं. त्याच्या जागी आलेलं अल्पमतातलं सरकार तर लोकसभेला तोंड न दाखवताच पायउतार झालं. "कमी पडलो भाऊ आपण," चाचा मला म्हणाले, घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात. पुन्हा मतदान ठरलं. पण मधल्या काळात कंपनीत कामावर असताना पत्रा दाबायच्या प्रेसखाली त्यांच्या त्याच बोटाची दोन पेरं गेली होती. तेव्हापासून तो हात कायम खिशात असे. "शाई लावायला बोटच नाय, तर मत देऊ देतील का?" हे त्यांनी मला इतक्यांदा विचारलं, की शेवटी मलाही धास्ती वाटू लागली.

मतदानाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते रांगेत माझ्यापुढे उभे होते. टेबलापाशी शाई लावायला एक तरुण मास्तर होते. "डावा हात," ते म्हणाले. चाचा हलेनात. मागून लोक ढकलायला लागले.

"चाचा, काढा हात," मी हळूच म्हटलं.

त्यांनी हात काढून टेबलावर ठेवला. मास्तरांनी काडी शाईत बुडवली. "काका, शेजारच्या बोटाला लावतो. चालतं."

"नको साहेब, ह्यालाच लावा. आजवरची सगळी सरकारं ह्यानंच केलीत."

मास्तरांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि उरलेल्या पेरावर शाईची ठसठशीत रेघ ओढली.

मत देऊन निघालेले चाचा भेटेल त्याला तो हात दाखवत घरापर्यंत गेले. मागून चालताना मला त्यांचा फार अभिमान वाटला. आज चाचा नाहीत. ती शाई महिन्याभरात उतरली. हात मात्र त्यांनी पुन्हा कधी खिशात घातला नाही.