मागं वजन पायजे

मामाने ती बोट गोव्याहून सेकंडहँड आणली, तेव्हा वेकबोर्डिंग हा शब्द आमच्या घरात फक्त मामेभावाला माहीत होता. बोटीमागे दोरी धरून, पायात फळी बांधून माणूस लाटेवर उड्या मारतो. लाट बोटच तयार करते, आणि मागची बाजू जितकी जड तितकी लाट उंच. डोंबिवलीच्या खाडीत मामेभावाला एक चांगली उडी जमली, की गिऱ्हाइकं बोलवायची असं ठरलं होतं. पण लाट जेमतेम गुडघ्याएवढी उठत होती.

बाहेरच्या देशांत यासाठी बोटीत पाण्याच्या पिशव्या भरतात. मामाने रेती भरली. रेती काढायला बंदी येईपर्यंत त्याच्या स्वतःच्या होड्या होत्या, आणि भरणी तो बोटांनी मोजायचा. पाणी होडीच्या काठापासून चार बोटं खाली राहिलं की थांबायचं. "अख्खी जिंदगी चार बोटांवर काढली," असं तो अभिमानाने सांगायचा. त्याने सीटखालचे सामानाचे कप्पे रेतीच्या गोण्यांनी ठासून भरले. तरी चार बोटांहून जास्त जागा उरली, म्हणून आईला आणि मला बोलावलं.

"ताय, तू मागं बस. मागं वजन पायजे."

"मेल्या, बहिणीला वजन म्हणतोस?" आई हसत चढली.

"आणि हिला?" मामेभावाने माझ्याकडे बघून विचारलं.

"हिला कुठंपण बसव. मांजराएवढी तर आहे."

आई खाडीकाठी वाढली तरी तिला पोहता येत नाही. त्या घरात मुलग्यांना पाण्यात ढकलून शिकवायचे, मुलींना काठावरूनच हाका मारून परत बोलवायचे. लाइफ जॅकेट एकच होतं, ते मामेभावाने घातलेलं. आईचं काय, असं मी मामाला विचारलं. "ती कुठं पाण्यात उतरतेय?" तो म्हणाला आणि बोट सुरू केली.

खाडी राखेच्या रंगाची होती, वारा अजिबात नव्हता. बोटीचं नाक वर उचललं गेलं ते खाली येईना. मागे लाट मात्र खरंच उठली, गुळगुळीत, माझ्या छातीएवढी. दोरी धरून मागे येणारा मामेभाऊ तिच्यावरून उडाला, ओरडला. आईने टाळ्या वाजवल्या. मी बोटीतलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाकडे बघत होते. सुरुवातीला त्याच्या नळीतून धार पडत होती. आता त्याचा नुसता घूं घूं आवाज येत होता. गोण्यांमधून गळलेली रेती त्यात गेली असावी.

"मामा, पंप..."

तेवढ्यात मामेभाऊ पडला. त्याला घ्यायला मामाने वेग एकदम तोडला. रेतीच्या होडीला एवढा वेग कधी नव्हताच, तिची लाट तिच्या पाठी लागत नसे. आमची लागली. आम्हीच उठवलेली ती लाट मागून आली आणि आईच्या मांडीवर चढून आत पडली.

"अगं बाई!" आई हसली. मग तिने पाय वर घेतले, कारण पाणी कमी होत नव्हतं.

मामाने बोटीच्या काठावरून हात खाली सोडून पाणी मोजलं. आईला बोटीच्या मधोमध बसवून त्याने पहिली गोणी ओढली. भिजलेली गोणी हलेना. त्याने ती चाकूने फाडली, आणि आम्ही दोघं ओंजळींनी रेती बाहेर टाकू लागलो. आई सोबत आणलेल्या खाऊच्या डब्याने पाणी उपसत होती, आणि प्रत्येक हालचालीबरोबर बोट एका अंगाला झुकून सावकाश परत येत होती.

मामेभाऊ पोहत आला. "काय रे पप्पा, लोकं बसवून ठेवली आणि मलाच विसरलास?" त्याने काठ धरला. काठ पाण्याला टेकला.

"वर येऊ नकोस!"

माझा आवाज इतका मोठा निघतो हे मलाही माहीत नव्हतं. तो हसला. मग त्याला त्याची आत्या, माझी आई, दिसली, घोट्याच्या वर पाण्यात, डबा छातीशी धरलेली. त्याने काठ सोडला, आणि जॅकेटवर तरंगत, आमच्याकडे तोंड करून, हळूहळू लांब जात राहिला. आम्ही रेती उपसत राहिलो.