खरकटं ताट

वाटूरला मी नवी सून असताना एक म्हातारी भर दुपारी यायची आणि थेट मोरीतली खरकटी ताटं मोजायची. बायकांसाठी उभा जन्म झटलेली, म्हणे. मला ती सासूबाईंची हेर वाटायची.

मला सातवा महिना असताना तिनं विचारलं, "जेवलीस का?"

सासूबाईंसमोर मी "हो" म्हणाले.

"मंग तुझं ताट कुठंय?" ती सासूबाईंकडं वळली. "थाप भाकरी. पोरगी जेवल्याबिगर मी उठत न्हाई."

परवा तिच्या तेराव्याला गेले. तिला चार सुना. स्वतःच्या घरी ती कशी वागली, कुणास ठाऊक, म्हणून मी आधी मोरीत डोकावले.

थोरली सून हसली. "मोजा, ताई. चारी आमचीच हायेत. पाव्हणे अजून बसायचेत."