फुकटचा बर्फ

युसूफ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लांज्याला भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो. फोनवर त्याचा मेहुणा होता. "भाई गेले. छातीत कळ आली, बस. असरच्या नमाजानंतर दफन आहे, निघा." भरल्या पानावरून उठलो आणि मिळेल ती एस.टी. पकडली. वाटेत रडू आलं नाही. राग आला... आणि तो आज दीड महिन्यानंतरही उतरलेला नाही.

रत्नागिरीत आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो प्राणिशास्त्राला, मी वाणिज्याला. पुढे मी तिथेच शिकवायला लागलो आणि त्याने खाडीकाठचा वडिलांचा बर्फाचा कारखाना हातात घेतला. रविवारी ओहोटी लागली की तो मला गुडघाभर चिखलातून खारफुटीतल्या तिवरांपर्यंत ओढत न्यायचा. मुळांच्या जाळीत वाढणारी कोळंबीची पिल्लं, त्यांच्यावर टपलेले मासे, माशांवर टपलेले बगळे... 'परिसंस्था' हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. "खाणारापण पोट भरलं की थांबतो रे मधू," तो म्हणायचा, "म्हणून तर हे सगळं चाललंय." कारखानाही तो तसाच चालवायचा. पहाटे होड्यांना बर्फाच्या लाद्या, मग डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव मासळी विकणाऱ्या बायांना फोडलेला बर्फ. कुणी रिकाम्या हाताने परत गेलेलं मी पाहिलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाहेरची एक कंपनी आली. मोठं शीतगृह बांधणार म्हणून सभा भरवली. साहेबाने पडद्यावर चित्र दाखवलं. मध्ये कंपनी, भोवती होड्या, टेम्पो, बाया, सगळ्यांना जोडणारे बाण. "ही तुमची नवी इकोसिस्टीम," साहेब म्हणाला. युसूफ उभा राहिला. "साहेब, सगळे बाण तुमच्याकडेच जातायत. परत येणारा एक तरी दाखवा." लोक हसले. साहेबसुद्धा हसला, आणि हसत हसतच त्याने जाहीर केलं की हंगामभर होड्यांना बर्फ फुकट. मासळी मात्र सगळी कंपनीलाच घालायची.

फुकट म्हटल्यावर कोण थांबतो? होडीवाल्यांच्या पुढाऱ्याने पहिली सही ठोकली. शेडसाठी तिवरं तोडून तिथे भराव घातला. युसूफने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तर तो विकासाच्या आड येणारा ठरला. लहानपणापासूनचे दोस्त मशिदीबाहेर त्याचा सलाम घेईनात. आजूबाजूचे बर्फाचे कारखाने एकेक करून बंद पडले. याने घरामागची आंब्याची कलमं विकली, पण कारखाना चालू ठेवला. कारण कंपनी बायांना बर्फ देत नव्हती. "खाडीतली थोडी मासळी त्यांना अजून मिळते," तो मला म्हणाला. "पण उन्हात ती दुपारपर्यंत तरी टिकेल काय?"

होड्यांना पुरेल एवढा दुसरा कारखाना उरला नाही तेव्हा कंपनीने फुकटचा बर्फ बंद केला आणि मनाला येईल तो भाव लावला. तिवरं गेली, मागोमाग कोळंबी गेली. मासळी आटली तशी कंपनीने यंत्रं ट्रकवर चढवली आणि ती दुसऱ्या बंदराला निघून गेली. भराव तेवढा इथे राहिला. तोवर युसूफचा जुना कॉम्प्रेसर कायमचा बसला होता. मग तेच होडीवाले त्याच्या दारात आले. "युसूफभाय, बर्फाचं काय तरी करा." तो कुणाला उलटून बोलला नाही. मला मात्र अजून वाटतं, त्याने बोलायला हवं होतं. चांगलं फैलावर घ्यायला हवं होतं एकेकाला!

शोकसभेत पहिला बोलायला उठला तो तोच पुढारी. "युसूफभाई म्हणजे आपल्या इकोसिस्टीमचा कणा!" मी ताडकन उभा राहिलो. "तो कणा मोडत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मागून कुणीतरी माझा सदरा ओढला. "सर, आज नको." आज नको, तर कधी? मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

थेट युसूफच्या घरी गेलो. मागच्या पडवीत तीन मासळीवाल्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्याची बायको जुबेदाभाभी घरातल्या फ्रिजमधून पातेली, डबे, मिळेल त्या भांड्यात गोठवलेला बर्फ काढत होती.

"भाभी, तो सभेत काय बोलला ठाऊक आहे?"

"नको सांगू. हे पातेलं घे आधी, हात बधीर झाले माझे."

पातेलं पालथं करून मी बर्फाचा गड्डा गोणपाटावर पाडला. भाभीने कोनाड्यातला युसूफचा लाकडी दांडका माझ्या हातात दिला. दांडा मुठीपाशी झिजून गुळगुळीत झाला होता. मी घाव घालू लागलो. एक, आणखी एक, आणखी एक...

"हळू, भाऊ," भाभी म्हणाली. "भुगा करू नको. त्यांना लांब जायचंय."