अरविंदभावजींची हरकत

अरविंदभावजी गेल्याचं मार्थानं फोनवर सांगितलं, तेव्हा मला वाटलं लाइन कट झाली. "अरविंद..." एवढंच म्हणून ती थांबली आणि मी हॅलो हॅलो करत राहिले. मार्था क्वेकर या ख्रिस्ती पंथातली. प्रार्थनासुद्धा गप्प बसून करणारी ही माणसं, वाईट बातमी तरी भरभर कशी सांगणार? हॉस्पिटलात त्यांच्याजवळ बसायची पाळी त्या दुपारी तिची होती.

भावजी आमच्या ह्यांचे मित्र, पेशानं भूलतज्ज्ञ; जन्मभर समोरच्याला झोपवून स्वतः बोलत राहिलेला माणूस. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या गावच्या क्वेकर मीटिंगहाउसमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनागृहात, ते शिरले तेच मुळी चुकून. आमच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीसाठी हॉल बघायला रविवारी सकाळी गेले, तर दहाबारा माणसं बाकांवर गप्प बसलेली. कार्यक्रम सुरू व्हायचाय असं समजून हेही बसले. तासाभरानं सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले. "वहिनी, कार्यक्रम संपला होता! आणि मला आवडला होता, यार." त्यांच्या बायकोला, सुमनताईंना, जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. "सगळे मला समजावत होते. तिथं कुणी समजावलं नाही," असंही म्हणाले.

मग काय, घरचंच कार्य असल्यासारखे वावरू लागले. येईल त्याला इतिहास ऐकवायचे : दगडी भिंती इथल्याच शेतकऱ्यांनी रचल्या, मधल्या लाकडी पडद्याच्या एका बाजूला बायकांची सभा, दुसऱ्या बाजूला पुरुषांची, मागची शेड घोड्यांची. एकदा म्हणे मतभेद होऊन निम्मी माणसं निघून गेली, ती नातवंडांच्या काळात परत आली. "भांडण, पण आवाज न चढवता! आपल्या मंडळाला पाठवा इथे ट्रेनिंगला." हे सगळं प्रार्थना सुरू होईपर्यंत चालायचं; शेवटी मार्था घड्याळाकडे बोट दाखवायची. त्यांची नजर अधू झाल्यावर मी ड्राइव्ह करून नेऊ लागले आणि मीही तिथे बसू लागले.

पुढे छप्पर गळायला लागलं. माणसं उरली सातआठ, तीही सत्तरीपुढची. वास्तू विकावी, असं जवळजवळ सगळ्यांना वाटू लागलं. मार्था तिथली क्लार्क, म्हणजे सभा चालवणारी. क्लार्कनं स्वतःचं मत सांगायचं नसतं, पण तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसायचं. आता क्वेकरांत मतदान नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत थांबायचं. आमच्या मंडळात श्रीखंड की गुलाबजाम यावरही हात वर होतात आणि हरलेले पुढच्या वर्षी वेगळं मंडळ काढतात. इथे भावजी एकटे दर महिन्याला उठून नाही म्हणत आणि विषय पुढे ढकलला जाई. मार्था लालबुंद होऊन तो पुढच्या महिन्याच्या यादीत लिहायची. गाडीत मी म्हणायचे, "भावजी, पुरे की आता."

"वहिनी, ही जागा गेली तर मी गप्प कुठे बसू?"

मी हसले होते. आता ते आठवलं की रडू येतं.

ते गेल्यानंतरच्या पहिल्याच सभेत विषय निघाला. अडवणारं कुणी उरलं नव्हतं. मार्थानं ठराव वाचला आणि विचारलं, "सगळ्यांना मान्य?" जो तो खिडकीजवळच्या रिकाम्या बाकाकडे बघत होता. मला बोलायचं होतं, पण तेवढ्यात मार्था उठली. हातातला कागद तिनं शेजारच्याला दिला, "आता तू क्लार्क," म्हणाली आणि तरातरा जाऊन भावजींच्या बाकावर बसली.

"मला हे विकायचं नाही," ती म्हणाली.

तिथल्या रिवाजाप्रमाणे मग आम्ही सगळे शांत बसलो. भावजींनी मात्र टाळी वाजवली असती.